इंटरला नापास होणाऱ्या नांदेडच्या कुरुंदकर गुरुजींनी 'श्रीमान योगी'ची प्रस्तावना लिहिली

घरात 'श्रीमान योगी' असेल तर एकदा कपाटातून बाहेर काढा. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ती शाळेच्या सुट्टीत वाचलेली असते. आणि वाचताना सुरुवातीची बरीच पानं सरळ उलटून पुढं गेलेलो असतो. कारण तिथं गोष्ट सुरू होत नाही. तिथं एक लांबलचक पत्र आहे, रणजित देसाईंना लिहिलेलं.

देसाई शिवाजी महाराजांवर कादंबरी लिहायला घेत होते, त्या काळातलं हे पत्र. पुढं तेच पुस्तकाची प्रस्तावना म्हणून छापलं गेलं. आणि पत्र लिहिणारा माणूस पुण्या-मुंबईचा कुणी नामांकित इतिहास संशोधक नव्हता. तो नांदेडला मराठी शिकवणारा मास्तर होता. कादंबरी 1968 साली आली तेव्हा पस्तिशीत असलेला.

त्यांचं नाव नरहर अंबादास कुरुंदकर. मराठवाड्यात आजही त्यांना कुरुंदकर गुरुजी म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर म्हणजे अभ्यासात हुशार असणार. तर गंमत अशी आहे की, हा माणूस इंटरच्या परीक्षेत एकदा नाही, अनेकदा नापास झाला होता.

गुरुजींचा जन्म 15 जुलै 1932 चा, नांदापूरचा. मूळ गाव वसमत तालुक्यातलं कुरुंदा. आज हा भाग हिंगोली जिल्ह्यात येतो, पण तेव्हा सगळा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कारभार उर्दूत चालायचा. सभा घ्यायची तर परवानगी लागायची. त्यामुळं वाचनालय काढणं हे सुद्धा इथं राजकीय काम होतं. लोक पुस्तकाच्या निमित्तानं एकत्र यायचे आणि स्वातंत्र्याचं बोलायचे.

शिक्षणासाठी गुरुजी हैदराबादला मामांकडे गेले. मामा म्हणजे डॉ. ना. गो. नांदापूरकर, उस्मानिया विद्यापीठातले मराठीचे प्राध्यापक आणि जुन्या मराठी काव्याचे मोठे अभ्यासक. घरातच पुस्तकं आणि घरातच चर्चा. त्यात हैदराबाद मुक्तिसंग्राम पेटलेला. शाळकरी वयाचे कुरुंदकर त्यातही उतरले. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झालं तेव्हा ते अवघे 16 वर्षांचे होते.

नंतर कॉलेज सुरू झालं आणि परीक्षेचं गणित काही जमेना. वाचन मात्र चौफेर चाललेलं. इतिहास, धर्मशास्त्र, संस्कृत काव्यशास्त्र, मार्क्स, गांधी, मराठी कादंबरी, जे हाती येईल ते. त्यांच्या बरोबरची पोरं पदव्या घेऊन नोकरीला लागली. गुरुजी 1955 च्या सुमारास नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले. पुढं बीए, एमए झालं आणि 1963 च्या आसपास ते पीपल्स कॉलेजमध्ये मराठीचे प्राध्यापक झाले. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेनं उभ्या राहिलेल्या याच कॉलेजचे नंतर ते प्राचार्य झाले.

वाचणारे लोक तेव्हाही खूप होते, आजही आहेत. मग कुरुंदकरांचं वेगळेपण काय?

एक म्हणजे, हा माणूस वाचलेलं स्वतःपाशी ठेवत नव्हता. एखादं पुस्तक वाचलं की त्यावर बोलायचं, लिहायचं, पटलं नाही तर का पटलं नाही ते सांगायचं. केंब्रिजमध्ये शिकवणाऱ्या आय. ए. रिचर्ड्सचा समीक्षा विचार त्यांनी नांदेडला बसून वाचला आणि त्यावर मराठीत 'रिचर्ड्सची कलामीमांसा' हे पुस्तक लिहिलं. भरताच्या नाट्यशास्त्रावरही त्यांनी तितक्याच अधिकारानं लिहिलं. 'धार आणि काठ'मध्ये मराठी कादंबरीचा सगळा प्रवास घेतला आणि कोणती कादंबरी मोठी, कोणती फक्त लोकप्रिय, हे भीड न ठेवता मांडलं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. ज्याला विरोध करायचा, ते ते आधी नीट वाचायचे.

मनुस्मृतीचंच बघा. गुरुजी नास्तिक होते आणि मनुस्मृतीचे कट्टर विरोधक होते. पण विरोध आहे म्हणून न वाचता शिव्या घालायच्या, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी ग्रंथ बारकाईनं वाचला, त्याचं समर्थन करणाऱ्यांचे मुद्दे एकेक करून घेतले आणि ते का टिकत नाहीत ते व्याख्यानांतून दाखवलं. ही व्याख्यानं त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपानं आली.

'शिवरात्र' या पुस्तकातही तेच. त्यात गोळवलकर गुरुजींच्या विचारांवर टीका आहे आणि मुस्लिम राजकारणावरही टीका आहे. हमीद दलवाईंसारख्या सुधारकाचे ते मित्र आणि पाठीराखे होते. साहजिकच दोन्हीकडचे लोक त्यांच्यावर नाराज व्हायचे. पण हे न वाचता बोलतात, असा आरोप करायची सोय कुणालाच नव्हती.

आता परत 'श्रीमान योगी'च्या त्या पत्राकडं येऊ.

शिवाजी महाराज म्हटलं की आपल्याला अफजलखान, आग्र्याहून सुटका, शाहिस्तेखान हे प्रसंग आठवतात. कुरुंदकरांनी वेगळाच प्रश्न विचारला. राजा गेल्यावर काय झालं? 1680 साली महाराजांचं निधन झालं. त्यानंतर औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला आणि 1707 साली मरेपर्यंत इथंच अडकला. 1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, राजधानी गेली, तरी लोक लढत राहिले. राजा नसतानाही लोकांना राज्य आपलं वाटावं, हे महाराजांनी घडवलं कसं? गुरुजींच्या मते महाराजांचं मोठेपण शोधायचं तर ते इथं शोधावं लागतं. लढाया जिंकणारे राजे बरेच झाले, असं राज्य उभं करणारे फार थोडे.

हा विचार आज व्याख्यानांत सर्रास ऐकू येतो. तो सामान्य वाचकाच्या घराघरात पोचवण्यात या प्रस्तावनेचा मोठा वाटा आहे.

10 फेब्रुवारी 1982 ला औरंगाबादमध्ये एका कार्यक्रमात, व्यासपीठावरच गुरुजींना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. वय होतं फक्त 49. त्यांची बरीच पुस्तकं त्यानंतर आली. मित्रांनी आणि विद्यार्थ्यांनी विखुरलेले लेख, भाषणं, प्रस्तावना गोळा केल्या म्हणून आली. बोलण्यात आणि इतरांच्या पुस्तकांवर लिहिण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नांदेडच्या शेजारी लातूर हा नवा जिल्हा झाला. पुढं 'लातूर पॅटर्न' राज्यभर गाजला. मार्क कसे मिळवायचे हे शिकायला आज पोरं लातूर-नांदेडला येतात, क्लासच्या बोर्डांवर टॉपरचे फोटो झळकतात. त्यात वाईट काही नाही, त्या मार्कांवर कित्येक शेतकऱ्यांची पोरं डॉक्टर झालीत. पण याच मातीत एक इंटर नापास माणूस नुसत्या वाचनाच्या जोरावर महाराष्ट्राचा गुरुजी झाला होता, एवढं त्या पोरांना कुणीतरी सांगायला पाहिजे.

आणि आपल्यासाठी सोपं काम आहे. 'श्रीमान योगी' कपाटातून काढलीच आहे, तर यावेळी सुरुवातीची पानं उलटू नका. वाचा. नाही पटलं तर का नाही पटलं, तेही लिहा. गुरुजींना ते जास्त आवडलं असतं.