कै. पार्वतीबाई आठवले

मुले शाळेत जाऊ लागल्यावर मांजर्लीतील आपल्या समाजाच्या काही भगिनी स्वतःही पुन्हा वर्गात बसू लागल्या आहेत. कोणी परिचर्येचा अभ्यास करीत आहे, तर कोणी शिक्षिकेचा. ह्या वयात कसले शिक्षण, असे उद्गार त्यांना ऐकावे लागतात, हे आमच्या कानी आले. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही कै. पार्वतीबाई आठवले ह्यांचे चरित्र निवडले आहे.

पार्वतीबाईंचा जन्म १८७० साली रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुख येथे जोशी घराण्यात झाला. अकराव्या वर्षी विवाह, विसाव्या वर्षी वैधव्य. केशवपन झाले व पदरी लहान मुलगा घेऊन त्या माहेरी परतल्या. पुढचे आयुष्य स्वयंपाकघराच्या चार भिंतींत जावयाचे, हेच त्या काळी ठरलेले होते.

परंतु त्यांच्या वडील भगिनी गोदूबाई ह्याही बालविधवा होत्या व पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकल्या होत्या. १८९३ साली त्यांनी प्रो. धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह केला, तेव्हा कर्व्यांच्या मुरूड गावाने ह्या कुटुंबावर बहिष्कार घातला. बहिष्कार घालणारे आपलेच ज्ञातिबांधव होते, हे येथे स्पष्ट लिहिण्यात आम्हांस संकोच वाटत नाही. झाकून ठेवण्याने ते पुसले जात नाही.

त्याच घरी पार्वतीबाई पुण्यास आल्या. पुनर्विवाह त्यांनी केला नाही. त्यांनी विद्या पत्करली. वय सव्वीसच्या घरात. मुलाने पाटी धरावी त्या वयात आईनेही पाटी धरली. जात्याला व चुलीला सरावलेल्या हातांना अक्षरे व हिशेब सहज वश होत नाहीत. त्यातून घरकाम सुटलेले नव्हतेच. अण्णासाहेबांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर गेला. पार्वतीबाई ह्या संस्थेच्या कार्यकर्त्या झाल्या, व पुढे तिच्यासाठी गावोगाव फिरून वर्गणी मागू लागल्या. परपुरुषासमोर बोलण्याचीही ज्यांना सवय नव्हती, त्या भरसभेत व्याख्याने देऊ लागल्या. सोवळ्या विधवेचा वेष त्यांनी बरीच वर्षे ठेवला होता. पुढे विचारांती तो टाकला. ह्या निर्णयाला आम्ही त्यांच्या शिक्षणाचाच भाग समजतो.

इंग्रजीची उणीव मात्र त्यांच्या मनाला लागून राहिली होती. म्हणून १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या इंग्रजी शिकण्यासाठी व संस्थेस साहाय्य मिळविण्यासाठी अमेरिकेस गेल्या. मुलगा तोवर कर्ता झाला होता. तेथे खर्च भागविण्याकरिता त्यांनी परक्या घरी घरकाम केले. संस्थेच्या आश्रमातील पदाधिकारी बाई भांडी घासते, ह्याचे त्यांना कमीपण वाटले नाही. १९२० साली त्या स्वदेशी परतल्या व संस्थेच्या कामास लागल्या.

त्यांचे ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र १९२८ साली प्रसिद्ध झाले. त्याचा इंग्रजी अनुवाद जस्टिन अ‍ॅबट ह्यांनी केला. १९५५ साली पार्वतीबाई निवर्तल्या. ज्यांच्या घरी त्या शिकल्या, ते अण्णासाहेब तेव्हा हयात होते. भारतरत्न हा किताब त्यांना १९५८ साली मिळाला.