अंगठ्याखालची कळ

मी कॉन्व्हेंटवाला, शुद्धलेखन सांभाळून घ्या! आषाढीला धाकट्या पंढरीला, म्हणजे आमच्या नारायणगडला गेलो होतो. बंदोबस्तावरच्या पोलिसमामांच्या कमरेचं पिस्तूल बघून मला जॉन ब्राउनिंग आठवला. १९०९ साली नाशकात अनंत कान्हेरेंनी जॅक्सनवर झाडलं, ते पिस्तूल ब्राउनिंगच.

हा माणूस १८५५ साली अमेरिकेत, युटामधल्या ऑग्डेनला जन्मला. वडील बंदुका बनवायचे, त्यांचं वर्कशॉप हेच याचं कॉलेज. नावावर १२८ पेटंटं! (आपण एका सबमिशनला रडतो.)

पण मला भावते ती एक छोटी कळ. लष्करासाठी केलेल्या त्याच्या १९१० च्या नमुन्यात मुठीच्या मागे सेफ्टी होती, मूठ आवळली की सुटणारी. अंगठ्याची नव्हती. घोडदळाची अडचण वेगळी. एका हातात लगाम, दुसऱ्यात हॅमर चढवलेलं पिस्तूल, आणि घोडा बुजला तर? म्हणून १९११ च्या मॉडेलमध्ये डाव्या बाजूला कळ आली. अंगठ्याने वर केली की सिअर आणि स्लाइड दोन्ही अडकतात, खाली दाबली की मोकळं.

१९२६ मध्ये बेल्जियममधल्या लिएजला, कारखान्यातच तो गेला. अर्धवट राहिलेलं हाय-पॉवर सहकारी साइव्हने पुरं केलं. आपल्या ईशापूरच्या कारखान्यातही ते बनलं. जुन्या हाय-पॉवरची कळ मात्र फारच बारीक, अंगठ्याला नीट सापडत नाही. १९८० नंतर ती रुंद झाली आणि दोन्ही बाजूंना आली.

मी डावखुरा. म्हणून मामांना विचारलं, कळ कुठल्या बाजूला? मामांनी हसून मला रांगेत पुढे ढकललं.