कमलाबाई सोहोनी यांचें चरित्र

खानदेशांतील वाचकांस कापूस म्हणजे काय हें सांगावयास नको. परंतु बोंड उकलल्यावर सरकीला चिकटलेला जो एकेक पांढरा तंतु आपल्या बोटांस लागतो, तो सरकीच्या सालीवरील केवळ एका पेशीचा बनलेला असतो, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. पेशी म्हणजे जिवंत शरीराचें लहानांत लहान घर. आपलें शरीर, बैलाचें शरीर, केळीचा खांब, ज्वारीचें ताट, हीं सर्व अशा असंख्य घरांचीं गांवें होत. यांतील बहुतेक घरें सूक्ष्मदर्शक यंत्रावांचून दिसत नाहींत. कापसाची ही पेशी मात्र वाढत वाढत सुमारें इंचभर लांब होते. आपण कापूस वेचतों तेव्हां तिच्यांतील जीव गेलेला असतो, आणि मागें उरते ती नुसती भिंत. आपल्या अंगावरील सदरा हा अशा अगणित रिकाम्या घरांच्या भिंतींचा विणलेला आहे.

१६६५ सालीं रॉबर्ट हुक या इंग्रज विद्वानानें बुचाचा पातळ काप यंत्राखालीं पाहिल्याचें प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यालाही अशा रिकाम्या भिंतीच दिसल्या होत्या. आंत राहणारें काय आहे व तें काय करितें, हें समजावयास पुढें अडीचशें-तीनशें वर्षें लागलीं. त्या कामास ज्यांचे हात लागले, त्यांत एका मराठी घरांतील मुलगी होती. तिची हकीकत आज सांगण्याचें योजिलें आहे.

कमला भागवत यांचा जन्म १९११ सालीं इंदूर येथें झाला. धुळ्याहून शिरपुरावरून सातपुडा ओलांडून जी आग्र्याची सडक जाते, तिच्यावरच तें शहर लागतें. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्र जाणणारे असून, जमशेटजी टाटा यांच्या देणगीनें बंगलोर येथें उभ्या राहिलेल्या विज्ञानसंस्थेंत शिकलेले होते. थोरली बहीण दुर्गा; त्याच पुढें लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत म्हणून महाराष्ट्रांत प्रसिद्धीस आल्या. अशा घरांत मुलींनीं शिकावें कीं नाहीं हा प्रश्नच निघत नसे. तो निघाला घराबाहेर.

१९३३ सालीं रसायनशास्त्र हा मुख्य व पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन कमलाबाई मुंबई विश्वविद्यालयाच्या बी.एस्सी. परीक्षेंत गुणानुक्रमें पहिल्या आल्या. वडील व चुलते जेथें शिकले तेथेंच आपण जावें, अशा सरळ विचारानें त्यांनीं बंगलोरला अर्ज धाडला. त्या वेळीं संस्थेचे प्रमुख सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनीं सर्व देशाची मान उंच केली होती. त्यांनीं अर्ज नाकारिला, आणि कारण एकच, कीं अर्जदार स्त्री आहे. वडिलांनीं व चुलत्यांनीं विनवून पाहिलें, व्यर्थ गेलें. तेव्हां ही बाविशीची मुलगी स्वतः बंगलोरला जाऊन त्यांच्यापुढें उभी राहिली, आणि आपल्यास कां नाकारिलें याचा खुलासा मागूं लागली. ती हटेना, तेव्हां रामन यांनीं तिला घेतलें, पण अटी घालून. पहिलें वर्ष परीक्षेपुरतें धरावयाचें. मार्गदर्शक सांगतील तितका वेळ, रात्र झाली तरी, काम करावयाचें. आणि आपल्या असण्यानें पुरुष विद्यार्थ्यांचें चित्त विचलित होऊं द्यावयाचें नाहीं.

अटी पाळल्या गेल्या, परंतु शेवटच्या अटीचा डंख कमलाबाई कधींच विसरल्या नाहींत. वृद्धपणीं स्त्रीशास्त्रज्ञांच्या सभेंत बोलतांनाही त्यांनीं तो बोलून दाखविला. रामन यांच्या विद्वत्तेविषयीं आम्हांस आदर आहे. तरी चरित्र लिहितांना ही गोष्ट झांकून ठेवणें आम्हांस बरें वाटत नाहीं. ज्यांस कोणत्याही दारांतून केवळ जन्मामुळें परत फिरावें लागलें आहे, अशीं माणसें आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत. त्यांस ती अट वाचतांच समजेल.

बंगलोर येथें श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखालीं त्यांनीं दूध, डाळी व कडधान्यें यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्ष संपतांच रामन यांची खात्री पटली, आणि त्यानंतर संस्थेचें दार इतर मुलींसही उघडलें. १९३६ सालीं कमलाबाईंनीं एम.एस्सी. पदवी विशेष योग्यतेनें मिळविली, आणि १९३७ च्या अखेरीस शिष्यवृत्ती घेऊन त्या इंग्लंडांत केंब्रिज येथें गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालेले सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा तेथें होती. तेथें त्यांनीं आरंभीं डेरेक रिक्टर यांच्याबरोबर, व ते दुसरीकडे गेल्यावर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केलें.

येथें आपण थोडें थांबून पेशीच्या घरांत डोकावूं, म्हणजे पुढील काम कळेल.

पेशीभोंवतीं एक अत्यंत पातळ पडदा असतो. काय आंत घ्यावें व काय बाहेर ठेवावें हें तो पाहतो. वनस्पतींत त्या पडद्याबाहेर आणखी एक घट्ट भिंत असते; कापसाची जी उरते ती हीच. आंत दाट पाण्यासारखा जीवरस, आणि त्यांत बहुधा एक केंद्रक. आईबापांकडून आलेलें बहुतेक सर्व वतन त्या केंद्रकांत लिहून ठेविलेलें असतें. हिरव्या पानांच्या पेशींत हिरवे कण असतात, ते उन्हाच्या जोरावर पाणी व हवेंतील कर्बवायु यांपासून साखर तयार करितात. पानांतून वेगळे काढलेले हे कणही उजेडांत प्राणवायु सोडूं शकतात, हें ज्यांनीं दाखविलें ते हेच रॉबिन हिल. आणि तें काम त्यांनीं नेमकें त्याच वर्षांत केलें.

याशिवाय आणखी एक जातीचे कण आहेत, त्यांस तंतुकणिका म्हणतात. त्या वनस्पतींत आहेत व प्राण्यांतही आहेत. आपल्या यकृताच्या एकेका पेशींत त्या हजाराच्या आसपास सांपडतात. ही पेशीची चूल. परंतु चुलींत लाकूड एकदम भडकतें व बरीचशी ऊब वायां जाते, तसें येथें होत नाहीं. विहीर खणतांना माणसें पायऱ्यांवर ओळीनें उभीं राहून मातीचें घमेलें एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं देत वर पोंचवितात, हें आपण पाहिलें आहे. तंतुकणिकेंत अन्नांतून निघालेले विजेचे सूक्ष्म कण असेच एका द्रव्याकडून दुसऱ्याकडे दिले जातात. दर टप्प्यास थोडी थोडी शक्ति हातीं येते, आणि ओळीच्या टोकास आपण श्वासानें घेतलेला प्राणवायु तें ओझें उचलून पाणी होतो. श्वास नाकानें घेतला जातो असें आपण म्हणतों, पण त्याचें काम येथें होतें.

या ओळींतील कांहीं गड्यांस सायटोक्रोम असें नांव आहे. त्यांच्या अंगीं रक्तांतल्याप्रमाणें लोह असतें. केंब्रिज येथेंच डेव्हिड केलिन यांनीं १९२५ सालीं मधमाशीच्या पंखांच्या स्नायूंतून येणारा प्रकाश तपासून त्यांची ओळख पटविली होती. या ओळीचा शेवटचा गडी अडला तर काय होतें, हें आपल्याकडील शेतकऱ्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. पावसानें ताण दिला असतां कोवळी ज्वारी खाऊन गुरें एकाएकीं धापा टाकून पडतात व घटकाभरांत मरतात. त्या कोवळ्या ताटांतील विष नेमकें या टोकाच्या विकराला बांधून टाकतें. रक्तांत प्राणवायु भरपूर असतो, म्हणून तें लालभडक दिसतें; पण पेशीला तो घेतां येत नाहीं. भरल्या विहिरीकांठीं जनावर तहानेनें मरावें तसेंच हें.

प्राण्यांविषयीं हें पुष्कळ समजलें होतें. वनस्पतींचें काय? बटाटा चिरून ठेवला कीं काळा पडतो, हें प्रत्येक गृहिणी जाणते. तें काम दुसऱ्याच एका विकराचें आहे, आणि वनस्पतींचा श्वास त्याच मार्गानें चालत असावा, असें कित्येक विद्वानांचें मत होतें. कमलाबाईंनीं बटाटाच हातीं घेतला, आणि त्याच्या पेशींत सायटोक्रोम सी आहे असें त्यांस आढळलें. जमिनीखालीं निमूट वाढणारा बटाटा आणि पंख फडफडविणारी मधमाशी यांच्या श्वासाची ओळ एकाच जातीची, असा त्याचा अर्थ होतो. वनस्पतींच्या सर्व पेशींत हेंच चालतें असें त्यांनीं प्रतिपादिलें. केंब्रिजला पोंचल्यापासून अवघ्या चौदा महिन्यांत, आणि अवघ्या चाळीस पानांत, त्यांनीं हा प्रबंध सादर केला. आम्हीं मोठमोठे ग्रंथ पाहिले आहेत, आणि त्यांतील चाळीस पानें निवडून काढणें कधीं कधीं किती कठीण पडतें हेंही पाहिलें आहे. १९३९ सालीं त्यांस पीएच.डी. पदवी मिळाली. विज्ञानांत ही पदवी मिळविणाऱ्या अगदीं पहिल्या हिंदी स्त्रियांत त्यांची गणना होते.

परदेशांत राहून मोठें नांव मिळवितां आलें असतें. पण त्या त्याच वर्षीं स्वदेशीं परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयांत नव्या जीवरसायन विभागाच्या त्या प्रमुख झाल्या, नंतर कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेंत साहाय्यक संचालक. १९४७ सालीं त्यांचा विवाह मा. वि. सोहोनी यांच्याशीं झाला, आणि त्या मुंबईस आल्या. तेथें रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेंत जीवरसायनाच्या प्राध्यापक म्हणून त्यांनीं उरलेली नोकरी केली.

आमच्या मतें गांवच्या माणसाच्या दृष्टीनें त्यांच्या आयुष्यांतील मोलाचा भाग येथून सुरू होतो. गरिबाच्या ताटांत काय पडतें, व त्यांतलें अंगीं काय लागतें, हा प्रश्न त्यांनीं धरिला. आपल्याकडे ज्वारींत उडीद घालून दळतात व कळण्याची भाकरी करितात; ज्याला मांस-दूध परवडत नाहीं त्याचें बळ अशा डाळी-कडधान्यांवरच आहे. परंतु कच्च्या कडधान्यांत एक खोडी असते. पोटांतील ट्रिप्सिन नांवाचा विकर प्रथिनें पचवितो, आणि या दाण्यांत त्याच विकराला अडवून धरणारें द्रव्य असतें. कमलाबाईंनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या देशांतील खाद्यांत तें कोठें आहे हें तपासलें. वालासारख्या दाण्यांत रक्तांतील तांबड्या पेशींना एकमेकींस चिकटविणारें द्रव्य असतें, त्याचाही त्यांनीं अभ्यास केला. नीट शिजविल्यानें हीं द्रव्यें बहुतांशीं निकामी होतात. तेव्हां आजीबाई जी डाळ मऊ होईपर्यंत चुलीवरून उतरवूं देत नाहीं, तिचें म्हणणें प्रयोगशाळेंतही खरें ठरतें.

दुसरें काम नीरेचें. राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांनीं सुचविल्यावरून त्यांनीं तें हातीं घेतलें. नीरा व ताडी हीं दोन झाडांचीं नव्हेत, एकाच झाडाचीं आहेत, हें पुष्कळदां ध्यानांत राहात नाहीं. शिंदीला किंवा ताडाला रात्रीं मडकें बांधून पहांटे उतरविलेला गोड रस ती नीरा. ऊन चढलें म्हणजे तिच्यांत किण्वाच्या पेशी भराभर वाढतात. एकेक पेशी हाच एकेक पुरा जीव. त्या साखर खातात व मद्यार्क मागें टाकतात, आणि सकाळचें पेय दुपारीं ताडी होऊन बसतें. म्हणून मडक्यास आंतून चुना फांसतात व नीरा थंड ठेवितात. कमलाबाईंनीं नीरेंत व ताडगुळांत जीवनसत्त्वें व लोह असल्याचें दाखविलें. पुढें आदिवासी मुलांस व गरोदर स्त्रियांस नीरा देऊन पाहिली, तेव्हां त्यांची प्रकृति सुधारली असें आढळलें. या कामाबद्दल त्यांस राष्ट्रपतींचें पारितोषिक मिळालें. ज्या झाडाखालीं पुष्कळांचे संसार बुडाले, त्याच झाडाच्या रसाचा हा उपयोग. मुंबईच्या आरे दुग्धशाळेसही त्यांनीं सल्ला दिला.

संस्थेच्या संचालकपदावर त्यांचा हक्क असतां तें त्यांस कित्येक वर्षें उशिरा मिळालें. याचीं कारणें विज्ञानांतील नव्हतीं, एवढेंच लिहून पुढें जातों. निवृत्तीनंतर त्या घरीं बसल्या नाहींत. १९६६ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या ग्राहकांच्या मार्गदर्शक संस्थेंत त्यांनीं काम केलें, तिच्या अध्यक्षा झाल्या, आणि अन्नांतील भेसळ, मापांतील लबाडी यांविषयीं साध्या माणसास उमगेल असें लिहिलें. मराठी मुलांसाठीं विज्ञानाचीं पुस्तकेंही त्यांनीं लिहिलीं.

तरीही त्यांचें नांव बराच काळ लोकांच्या विस्मृतींत होतें. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रमुखपदीं सत्यवती या प्रथमच एक स्त्री आल्या होत्या. त्यांस कमलाबाईंची माहिती कळली, आणि त्यांनीं त्यांस सन्मानपूर्वक दिल्लीस बोलाविलें. १९९८ सालीं त्या सत्काराच्या समारंभांतच वृद्ध कमलाबाई एकाएकीं कोसळल्या, व त्यानंतर लवकरच त्यांचें निधन झालें.