हवेचे चाक

पावसाळ्यात कल्याणकडून येणारी एस.टी. माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात येते. रस्ता ओला, चढ मोठा. तरी चाक रस्ता सोडत नाही. हवा भरलेले हे रबरी चाक लोकांच्या वापरात आणले जॉन बॉइड डनलॉप यांनी.

डनलॉप यांचा जन्म १८४० साली स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी झाला. ते जनावरांचे डॉक्टर होते. पुढे ते आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात राहायला आले. त्यांच्या लहान मुलाकडे तीनचाकी सायकल होती. तिची चाके टणक आणि रस्ते दगडी, त्यामुळे मुलाला फार हादरे बसत. १८८७ साली डनलॉप यांनी एका लाकडी चकतीवर रबराची नळी बसवली व तिच्यात हवा भरली. मग सायकलचे चाक आणि आपले नवे चाक त्यांनी अंगणात घरंगळत सोडले. जुने चाक थोडे जाऊन पडले. नवे चाक अंगणाच्या टोकापर्यंत गेले! १८८८ मध्ये त्यांनी या चाकाचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी विल्यम ह्यूम नावाचा खेळाडू अशा चाकांची सायकल घेऊन बेलफास्टच्या शर्यतीत उतरला. जाड चाके पाहून लोक हसले. पण शर्यत ह्यूमनेच जिंकली.

पुढे मोटारीलाही हीच चाके बसली. इंजिन फक्त चाक फिरवते. चाक रस्त्याला मागे ढकलते, तेव्हा घर्षणामुळे रस्ता चाकाला पुढे ढकलतो आणि गाडीचा वेग वाढतो. घर्षण देऊ शकेल त्याहून अधिक जोर लावला, तर चाक जागीच फिरते. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर आपण पाहतोच. टायरवरच्या खाचा शोभेच्या नसतात. त्यांतून पाणी बाहेर जाते व रबर रस्त्याला टेकते. म्हणून झिजलेला टायर पावसात धोक्याचा!

डनलॉप यांच्या नशिबी मात्र निराशा आली. रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ सालीच अशा चाकाचे पेटंट घेतले होते. तेव्हा सायकलींचा प्रसार नव्हता, म्हणून लोक ते विसरले होते. डनलॉप यांनाही ते ठाऊक नव्हते. १८९० मध्ये त्यांचे पेटंट रद्द ठरले. त्यांच्या नावाची कंपनी जगभर वाढली, पण त्यांना स्वतःला त्यातून मोठी संपत्ती मिळाली नाही. १९२१ साली डब्लिन येथे त्यांचे निधन झाले.

ऊस वाहणाऱ्या टायरच्या बैलगाडीला महाराष्ट्रात काही ठिकाणी डनलॉप गाडी म्हणतात.