डॉन येंको

डोनाल्ड फ्रँक येंको ऊर्फ डॉन येंको (२७ मे १९२७ – ५ मार्च १९८७) हे अमेरिकेतील एक मोटारविक्रेते आणि मोटारशर्यतपटू होते. शेव्हरोले कंपनीच्या साध्या मोटारींना अधिक शक्तिशाली रूप देणारे कारागीर-व्यापारी म्हणून ते विशेष प्रसिद्ध आहेत. पेनसिल्व्हेनिया राज्यातील कॅनन्सबर्ग या लहान गावी त्यांच्या कुटुंबाची ‘येंको शेव्हरोले’ ही विक्रीपेढी होती. तेथून बाहेर पडलेल्या ‘येंको स्टिंगर’ आणि ‘येंको सुपर कॅमेरो’ या गाड्यांना अमेरिकी मसल कारच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. मध्यम वा लहान आकाराच्या गाडीत मोठे इंजिन बसवून तयार केलेल्या वेगवान मोटारीला मसल कार असे म्हणतात. मूळ पत्र्याच्या जागी बसवलेले फायबरग्लासचे बॉनेट ही येंको यांच्या सुरुवातीच्या कॅमेरो गाड्यांची ठळक ओळख होती.

सुरुवातीचे जीवन

येंको यांचा जन्म पेनसिल्व्हेनियाच्या नैर्ऋत्य भागातील बेंटलीव्हिल येथे झाला. कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने यांवर जगणारा हा कष्टकऱ्यांचा मुलूख होता. त्यांचे वडील फ्रँक येंको हे मोटारींचे विक्रेते होते. वडिलांनी १९४९ मध्ये जवळच्या कॅनन्सबर्ग येथे शेव्हरोलेची पेढी सुरू केली. वयाच्या सोळाव्या वर्षीच डॉन यांनी विमान चालवण्याचा परवाना मिळवला. पुढे त्यांनी पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात शिक्षण घेतले, तसेच अमेरिकी हवाई दलात सेवा केली. त्यानंतर ते वडिलांच्या व्यवसायात सामील झाले.

शर्यतपटू

१९५७ च्या सुमारास येंको यांनी शर्यतींत उतरण्यास सुरुवात केली. त्याच काळात त्यांनी पेढीमध्ये शर्यतीच्या गाड्यांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. ते प्रामुख्याने शेव्हरोलेची कॉर्व्हेट चालवीत असत. १९५३ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीचे बाह्यांग पोलादी पत्र्याचे नसून फायबरग्लासचे होते. त्यामुळे या पदार्थाचे गुण आणि त्याचे रुसवे-फुगवे येंको यांना इतर विक्रेत्यांच्या बरेच आधी परिचयाचे झाले. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेच्या स्पर्धांत त्यांनी राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. १९६७ च्या सेब्रिंग येथील बारा तासांच्या शर्यतीत त्यांनी डेव्ह मॉर्गन यांच्या जोडीने कॉर्व्हेट चालवून एकूण क्रमवारीत दहावा आणि आपल्या गटात पहिला क्रमांक पटकावला.

शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स मात्र शर्यतींपासून अधिकृतपणे दूर होती. अमेरिकी मोटार उत्पादकांनी १९५७ मध्ये शर्यतींना पाठबळ न देण्याचा ठराव केला होता, आणि १९६३ च्या आरंभी जनरल मोटर्सने आपल्या विभागांना त्याची कठोर अंमलबजावणी करण्यास बजावले. परिणामी जे काम फोर्ड कंपनी उघडपणे करीत होती, ते शेव्हरोलेच्या बाबतीत गावोगावच्या विक्रेत्यांवर येऊन पडले. येंको यांच्या पुढील कारकिर्दीचे मूळ या पोकळीत आहे.

येंको स्टिंगर

१९६५ मध्ये कॅरोल शेल्बी यांनी फोर्ड मस्टँगवरून तयार केलेल्या गाड्या शर्यतींत कॉर्व्हेटला भारी पडू लागल्या. कॉर्व्हेटच्या बळावर आता जिंकता येणार नाही, हे ओळखून येंको यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी शेव्हरोलेचीच कॉर्व्हेअर ही छोटी गाडी निवडली. हिचे हवेने थंड होणारे सहा सिलिंडरचे इंजिन मागच्या बाजूस असे. शर्यतसंस्थेच्या नियमानुसार गाडी स्पोर्ट्स कार गणली जाण्यासाठी मागील आसन काढणे आवश्यक होते, आणि अशा किमान १०० गाड्या १ जानेवारी १९६६ पूर्वी तयार असणे बंधनकारक होते.

येंको यांनी १९६५ च्या अखेरीस कंपनीकडून पांढऱ्या रंगाच्या शंभर कॉर्व्हेअर मागवल्या आणि अल्पावधीत त्यांचे रूपांतर केले. त्यांवर निळे पट्टे रंगवण्यात आले, मागील आसने काढण्यात आली, तसेच इंजिन, ब्रेक आणि सुकाणू यांत सुधारणा करण्यात आल्या. इंजिनावरचे पत्र्याचे झाकण काढून त्या जागी फायबरग्लासचे झाकण बसवण्यात आले. अशा रीतीने फायबरग्लासचे झाकण बसवण्याचा येंको पेढीचा परिपाठ बॉनेटपासून नव्हे, तर गाडीच्या मागच्या बाजूपासून सुरू झाला. १९६७ मध्ये जेरी थॉम्पसन यांनी स्टिंगर चालवून आपल्या गटाचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. राल्फ नेडर यांच्या १९६५ मधील पुस्तकाने कॉर्व्हेअरच्या सुरक्षिततेवर टीकेची झोड उठवली होती. त्याच सुमारास हे रूपांतर घडले, हे विशेष होय.

येंको सुपर कॅमेरो

१९६६ च्या उत्तरार्धात शेव्हरोलेने मस्टँगला उत्तर म्हणून कॅमेरो ही गाडी आणली. जनरल मोटर्सच्या अंतर्गत नियमानुसार कॉर्व्हेट वगळता मध्यम वा त्याहून लहान गाडीत ४०० घन इंचांपेक्षा (सुमारे ६.६ लिटर) मोठे इंजिन बसवण्यास मनाई होती. त्यामुळे कॅमेरोसाठी मिळणारे सर्वांत मोठे इंजिन ३९६ घन इंचांचे होते. कॉर्व्हेटमध्ये मात्र त्याच कुळातील ४२७ घन इंचांचे (सुमारे ७ लिटर) आणि ४२५ अश्वशक्तीचे इंजिन उपलब्ध होते. ही दोन्ही इंजिने बाहेरून सारख्याच आकाराची असल्याने एकाच्या जागी दुसरे बसवणे शक्य होते. कंपनीचा नियम कारखान्याला लागू होता. गाडी एकदा विक्रेत्याच्या हाती आल्यावर त्याने तिचे काय करावे, हे तो नियम सांगत नव्हता.

येंको यांनी १९६७ मध्ये नेमके याच फटीचे दार केले. नव्या कॅमेरोतील ३९६ चे इंजिन काढून तेथे ४२७ चे इंजिन बसवण्याचे काम कॅनन्सबर्गच्या कार्यशाळेत सुरू झाले. पाव मैलाच्या सरळ शर्यतीतील नामांकित चालक डिक हॅरेल यांचे त्यांना या कामी साहाय्य लाभले. तयार गाड्या इतर शहरांतील विक्रेत्यांमार्फतही विकल्या जात. पहिल्या वर्षी पन्नासहून थोड्या अधिक आणि १९६८ मध्ये साठहून थोड्या अधिक गाड्या तयार झाल्या.

फायबरग्लासचे बॉनेट

१९६७ च्या येंको कॅमेरोवर मधोमध उंचवटा असलेले फायबरग्लासचे बॉनेट बसवलेले आढळते. त्याचा आकार त्या वर्षीच्या मोठ्या इंजिनाच्या कॉर्व्हेटवरून घेतला होता. १९६८ च्या गाड्यांवर हवेसाठी दोन तोंडे असलेले बॉनेट आले. मूळ गाडीवरचा हा बदल रस्त्यावरून जाणाऱ्याच्याही लक्षात येत असे. आत बसवलेले इंजिन झाकलेले राही. ते कोणते आहे, याची चाहूल बाहेरचे बॉनेट देत असे.

अशा बॉनेटचे उपयोग मुख्यतः तीन होते. मोठे इंजिन बसवल्यावर पुढच्या चाकांवरचा भार वाढतो. पत्र्याऐवजी हलका फायबरग्लास वापरल्याने त्यातला काही भार कमी होतो. उंचवट्यामुळे कार्ब्युरेटर आणि त्यावरील एअर फिल्टर यांना जागा मिळते. हवेचे तोंड खरोखर उघडे असेल आणि ते कार्ब्युरेटरशी नीट जोडलेले असेल, तर इंजिनाच्या खणातील तापलेल्या हवेऐवजी बाहेरची थंड हवा आत जाते. थंड हवा अधिक दाट असल्याने तिच्यासोबत जास्त इंधन जाळता येते आणि शक्ती वाढते.

फायबरग्लासचे बॉनेट साच्यात काचतंतूंचे थर आणि राळ घालून तयार केले जाते. दाबयंत्रातून निघणाऱ्या पत्र्याइतका त्याचा आकार नेमका नसतो, आणि राळ पूर्ण कडक होईपर्यंत त्यात किंचित फरक पडत राहतो. म्हणून ते बसवणे हे केवळ नटबोल्ट आवळण्याचे काम नसते. रंग देण्यापूर्वी बॉनेट गाडीवर ठेवून पाहावे लागते. दोन्ही बाजूंच्या मडगार्डांपासूनची फट सारखी येईपर्यंत कडा घासाव्या लागतात किंवा भराव्या लागतात. बॉनेट बंद केल्यावर ते एअर फिल्टरला टेकत नाही ना, हेही तपासावे लागते.

सर्वांत मोठी अडचण बिजागरीची असते. कारखान्यातील बिजागरीच्या स्प्रिंगा पत्र्याच्या जड बॉनेटचे वजन उचलण्यासाठी बनवलेल्या असतात. त्यांवर हलके बॉनेट बसवल्यास त्या ताणामुळे ते बिजागरीजवळ वाकते आणि कालांतराने तडकते. यावर मऊ स्प्रिंगा लावणे, किंवा स्प्रिंगा काढून बॉनेट काठीने उचलून धरणे, असे उपाय केले जातात. शर्यतीच्या गाड्यांत बिजागऱ्या पूर्णपणे काढून चारही कोपऱ्यांवर खिळीसारख्या पिना लावतात व बॉनेट हाताने उचलून बाजूला ठेवतात. पुढच्या कडेला पिना लावणे हे दिखाव्याचे काम नाही. वेगात असताना हवा खालून शिरून हलके बॉनेट उलटू शकते आणि समोरच्या काचेवर आदळू शकते. पिनेचे भोक पडते तेथे धातूची चकती लावून फायबरग्लासला आधार देणे आवश्यक असते.

कारखान्याचा सहभाग

इंजिन बदलण्याच्या या पद्धतीत मजुरी मोठी होती आणि काढलेल्या इंजिनांची विल्हेवाट लावावी लागे. मुख्य म्हणजे कंपनीच्या हमीचा प्रश्न उभा राही. पोलिसांच्या गाड्या, टॅक्सी अशा खास मागण्यांसाठी शेव्हरोलेच्या मध्यवर्ती कार्यालयाची ‘कोपो’ ही वेगळी नोंदणीपद्धत होती. तिच्या आधारे १९६८ च्या गाड्यांना १४० मैलांपर्यंतचा वेगमापक कारखान्यातच बसून मिळाला. १९६९ मध्ये येंको यांच्या पाठपुराव्यामुळे ‘कोपो ९५६१’ या मागणीक्रमांकाखाली ४२७ घन इंचांचे इंजिन कारखान्यातच कॅमेरोत बसू लागले, आणि तेही कंपनीच्या हमीसह. ज्या कंपनीने हे इंजिन लहान गाडीत बसवण्यास मनाई केली होती, तीच आता ते बसवून देत होती.

या बदलाबरोबर फायबरग्लासचे बॉनेटही मागे पडले. १९६९ च्या येंको कॅमेरोवर कारखान्याचे, समोरच्या काचेकडून हवा घेणारे पोलादी बॉनेट आहे. येंको पेढीने त्यावर आपले पट्टे आणि चिन्हे तेवढी चढवली. त्या वर्षी सुमारे २०० कॅमेरो विकल्या गेल्या. याखेरीज त्याच इंजिनाच्या सुमारे शंभर शेव्हेल आणि चाळिसाच्या आतबाहेर नोव्हा गाड्याही येंको यांनी विकल्या.

उतरती कळा

१९७० च्या सुमारास अशा गाड्यांचे विम्याचे हप्ते तरुण ग्राहकांना परवडेनासे झाले. तेव्हा येंको यांनी मोठ्या इंजिनाचा हट्ट सोडून ‘येंको ड्यूस’ ही नोव्हा आणली. तिचे इंजिन केवळ ३५० घन इंचांचे होते. विम्याच्या कागदावर ते साधे दिसे. प्रत्यक्षात ते ३६० अश्वशक्तीचे होते. त्यानंतर त्यांनी व्हेगा या छोट्या गाडीला टर्बोचार्जर जोडण्याची योजना आखली. मात्र आता प्रदूषणाचे नवे कायदे आले होते. फेरफार केलेल्या इंजिनाची ५०,००० मैलांची चाचणी घेणे एका गावच्या विक्रेत्याच्या आवाक्याबाहेरचे होते. १९६७ मध्ये नियमांतील ज्या फटीतून ते आत शिरले होते, ती आता कायद्याने बुजवली होती. १९८१ मध्ये त्यांनी टर्बोचार्जर बसवलेल्या थोड्या कॅमेरो विकल्या. पुढच्याच वर्षी येंको कुटुंबाचा हा व्यवसाय संपुष्टात आला.

मृत्यू

५ मार्च १९८७ रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील चार्ल्सटनजवळ विमान उतरवत असताना झालेल्या अपघातात येंको यांचे निधन झाले. विमान ते स्वतः चालवीत होते. त्यांच्यासोबतचे तीन प्रवासीही या अपघातात मृत्युमुखी पडले. मृत्युसमयी येंको ५९ वर्षांचे होते.

वारसा

येंको यांच्या हयातीत या गाड्या जुन्या मोटारी म्हणून स्वस्तात विकल्या गेल्या; अनेक शर्यतींत मोडल्या, अनेकांची इंजिने बदलली. आज अस्सल येंको कॅमेरोला लिलावात काही लाख डॉलर मिळतात. त्यामुळे नकली गाड्यांचा प्रश्नही निर्माण झाला आहे. येंको यांच्या पद्धतीचे फायबरग्लासचे बॉनेट, पट्टे आणि चिन्हे आज नव्याने तयार मिळतात आणि साध्या कॅमेरोवर सहज बसवता येतात. म्हणून बॉनेट हा अस्सलपणाचा पुरावा मानला जात नाही. इंजिन व गिअरबॉक्स यांवरचे क्रमांक आणि पेढीची कागदपत्रे तपासूनच गाडीची पारख केली जाते.

याच कारणाने १९६७ आणि १९६८ च्या गाड्यांची पारख विशेष अवघड ठरते. त्या कारखान्यातून ३९६ चे इंजिन आणि पत्र्याचे बॉनेट घेऊन बाहेर पडल्या होत्या. त्यांना येंको हे नाव मिळाले ते कॅनन्सबर्गच्या कार्यशाळेत, आणि तेथील कारागिरांनी काय बदलले, याची नोंद कारखान्याच्या दप्तरात नाही.