नाकाचे माप आणि बाबासाहेबांचे संशोधन

वेरूळच्या लेण्यांकडे जाताना वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह याच वाटेने आले होते. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काहींनी किल्ल्याच्या दारातल्या टाक्यावर हातपाय धुतले. लगेच पाणी बाटल्याचा ओरडा झाला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, या अटीवर त्यांना आत सोडले आणि सोबत हत्यारबंद शिपाई दिला. त्या वेळी बाबासाहेबांकडे कोलंबियाची पीएच.डी. आणि लंडनची डी.एस्सी. होती.

हा प्रसंग आपण अनेकदा ऐकतो. त्यामानाने दुसऱ्या एका लढाईबद्दल कमी बोलले जाते. ज्या समाजाला विद्वान मोजत होते, त्याच समाजातून येऊन बाबासाहेबांनी मोजणाऱ्यांचे माप तपासले.

१९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांचा सिद्धांत असा, की नाक जितके रुंद तितकी जात खालची. म्हणजे उतरंड माणसांनी रचलेली नाही, ती वंशातच आहे! त्याच सुमारास बाल भीमराव साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता. पुढे ९ मे १९१६ रोजी, पंचविसाव्या वर्षी, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातीवर निबंध वाचला. जातीचे मूळ त्यांनी जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नांत दाखवले. युरोपीय अभ्यासक स्वतःच वर्णद्वेषात वाढले, म्हणून त्यांना इथेही आधी रंगच दिसला, हेही त्यांनी तिथेच मांडले.

१९२९ मध्ये ते सरकारी समितीचे सदस्य म्हणून अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करत होते. चाळीसगावला एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार झाला नाही. वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि सवय नसलेल्या आपल्यातल्याच एकाला हाकायला बसवले. मोरीवर टांगा उसळला, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. चौकशी करणाराच चौकशीचा पुरावा ठरला.

१९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी वंशसिद्धांताला त्याच्याच आकड्यांनी उत्तर दिले. प्रा. घुर्ये यांनी दिलेली नाकांची मापे प्रांतवार लावून पाहिली, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. एक आर्य असेल तर दुसराही आर्य, एक नाग असेल तर दुसराही नाग. त्याच ग्रंथात अस्पृश्य हे मूळचे बौद्ध, हा त्यांचा स्वतःचा सिद्धांत येतो. मात्र तुटलेले दुवे आपण तर्काने जोडले आहेत, हे ते प्रस्तावनेतच सांगतात. आपल्याकडे ग्रंथाला हार घालणारे पुष्कळ, प्रस्तावना वाचणारे थोडे.

अशा मोजमापाचा शेवट कुठे होतो, हे युरोपातल्या रोमा लोकांनी भोगले. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले. १९३६ पासून जर्मनीत रॉबर्ट रिटर आणि सहकाऱ्यांनी त्यांची डोकी मोजली, वंशावळी लिहिल्या, विद्यापीठी भाषेत त्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले. त्याच कागदांच्या आधाराने कुटुंबेच्या कुटुंबे ऑशविट्झला गेली. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने पारधी, कैकाडी अशा जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय अजून पोलीस ठाण्यात बसलेला आहे. आज हंगेरीत रोमा मुलांसाठी बाबासाहेबांच्या नावाची शाळा चालते, तिथले रोमा कार्यकर्ते जय भीम म्हणतात. त्यांना आपला माणूस बरोबर सापडला, असे आम्हाला वाटते.

आमच्या शहरातही हा प्रश्न जुना झालेला नाही. पीएच.डी. करणाऱ्या आपल्या मुलामुलींना अजून ऐकावे लागते, की स्वतःच्या समाजावर लिहिताय, मग तटस्थ कसे राहणार? रिस्लेला हे कुणी विचारले नव्हते. आपला माणूस साक्षीदार म्हणून चालतो, निष्कर्ष काढू लागला की अडचण होते.

दौलताबादनंतर सोळा वर्षांनी, १९५० मध्ये, बाबासाहेबांनी याच औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि उच्च शिक्षणाची सोय तुटपुंजी होती. महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले, परिसराला नागसेनवन. भदंत नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारणारा आणि पटल्याशिवाय न मानणारा तो ग्रीक राजा. महाविद्यालयाला नाव दिले ते प्रश्न विचारणाऱ्याचे.