कॅडबरीवाला जॉर्ज

आपल्या लहानपणी कॅडबरी हे कुठल्या कंपनीचं नाव नव्हतंच. दुकानात जाऊन कॅडबरी मागायची, मग दुकानदार कुठल्याही छापाचं चॉकलेट देवो, ती कॅडबरीच. ठाण्यात तर एका अख्ख्या चौकाचं नाव कॅडबरी जंक्शन. त्यामुळे हे जोशी-कुलकर्ण्यांसारखं कुणाचं तरी आडनाव असेल असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

कामाच्या निमित्ताने बर्मिंगहॅमला बदली झाली आणि एका शनिवारी मुलांना घेऊन बॉर्नव्हिलला गेलो. मुलं चॉकलेटच्या राज्यात रमली, त्यांच्याबरोबर बायको थांबली आणि मी नुसताच गावात फिरत राहिलो. टुमदार घरं, प्रत्येकाला बाग, मध्ये मोठी हिरवळ, आणि बराच वेळ फिरूनही एकही पब दिसेना. इंग्लंडात हे म्हणजे अमृततुल्य नसलेली पुण्यातली पेठ! चौकशी केली तेव्हा कळलं की हे गाव वसवणाऱ्यानेच तसा नियम घालून ठेवला होता. त्याचं नाव जॉर्ज कॅडबरी. मग लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि या माणसाने मला चांगलंच धरून ठेवलं.

जॉर्जचा जन्म १८३९ सालचा, बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन भागातला. वडील जॉन कॅडबरी यांचं बुल स्ट्रीटवर चहा, कॉफी आणि कोकोचं दुकान होतं, १८२४ साली काढलेलं. दारूला पर्याय म्हणून लोकांनी ही पेयं घ्यावीत असा त्यांचा कटाक्ष. घराणं क्वेकर पंथाचं. या पंथाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

ख्रिस्ती धर्माचं आणि पैशाचं नातं पहिल्यापासून जरा अवघडलेलंच आहे. मध्ययुगात चर्चने व्याज घेणं पाप ठरवलं होतं. असिसीचा संत फ्रान्सिस हा कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, त्याने तर घरादारावर पाणी सोडून दारिद्र्यच पत्करलं. पुढे प्रॉटेस्टंट मंडळींनी रोजचं कामधंदा करणं हीसुद्धा देवाची सेवाच मानली. सतराव्या शतकात इंग्लंडात निघालेले क्वेकर हे त्यातले आणखी कडक. त्यांच्यात पाद्री नाही, मूर्ती नाही, प्रार्थना म्हणजे सगळ्यांनी एकत्र शांत बसायचं. ते शपथ घेत नसत, सैन्यात जात नसत, आणि धर्माच्या अटींमुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजचे दरवाजे त्यांना एकोणिसाव्या शतकातही बराच काळ बंद होते. मग उरला धंदा. पण तोही साधा नव्हे. भाव एकच सांगायचा, घासाघीस नाही, आणि दिवाळं काढलं तर पंथातून नाव कमी होण्याची पाळी. बार्कलेज आणि लॉइड्स या बँका याच लोकांच्या, फ्राय आणि राउनट्री हे चॉकलेटवालेही यांच्यातलेच. श्रीमंती टाकून द्यायची नाही, पण ती आपली नाही, देवाने सांभाळायला दिलेली ठेव आहे, असा त्यांचा हिशेब. आपल्याकडे गांधीजींची विश्वस्तपणाची कल्पना ऐकलेल्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल.

जॉर्ज आणि थोरला भाऊ रिचर्ड यांच्या हाती १८६१ साली धंदा आला तेव्हा तो बुडायच्या बेतात होता. आईकडून आलेला वारसा दोघांनी त्यात ओतला. जॉर्जने पैसे वाचवायला वर्तमानपत्र घेणंसुद्धा बंद केलं. नाहीच जमलं तर रिचर्डने सर्व्हेअर व्हायचं आणि जॉर्जने हिमालयात चहाचे मळे पिकवायला जायचं, असं ठरलं होतं म्हणे. जमलं ते एका यंत्रामुळे. त्या काळी कोकोत बटाट्याचं पीठ, साबुदाणा असलं काहीबाही मिसळत, कारण त्यातला तेलकट भाग एरवी जिरत नसे. कॅडबरींचा मालही त्याला अपवाद नव्हता. हॉलंडमध्ये तो तुपकट भाग पिळून काढायचं यंत्र होतं. भावांनी ते आणलं आणि १८६६ साली भेसळ नसलेला कोको बाजारात आणला. पुढे भेसळीविरुद्ध कायदे झाले आणि शुद्ध मालवाल्यांचं आणखीच फावलं. सचोटी आणि नफा असे हातात हात घालून चालताना क्वचित दिसतात, इथे दिसले.

१८७९ साली कारखाना शहराच्या धुरातून काढून चार मैलांवर उघड्या माळावर नेला. बॉर्न नावाच्या ओढ्यावरून नाव ठेवलं बॉर्नव्हिल. शेपटाला फ्रेंच ‘व्हिल’ अशासाठी की तेव्हा चांगलं चॉकलेट म्हणजे फ्रेंच असा लोकांचा समज होता. मार्केटिंग काही आमच्या पिढीने शोधलेलं नाही!

पण जॉर्जचं खरं शिक्षण झालं ते रविवारी सकाळी. तरुणपणापासून जवळजवळ पन्नास वर्षं तो कामगारांच्या प्रौढ वर्गात शिकवायला जात असे. कारखानदार झाल्यावरही गेला. विद्यार्थ्यांच्या घरी गेल्यावर त्याने बर्मिंगहॅमच्या चाळी पाहिल्या, अंधाऱ्या, एकमेकींना पाठ लावून बांधलेल्या, मध्ये सामाईक नळ आणि संडास. अशा खोलीत राहणाऱ्या माणसाला दारू सोड म्हणून प्रवचन देण्यात अर्थ नाही, हे त्याच्या लक्षात आलं. १८९३ साली त्याने १२० एकर जमीन घेतली आणि १८९५ पासून घरं बांधायला सुरुवात केली. नियम असा की घराने प्लॉटच्या पाव भागापेक्षा जास्त जागा व्यापायची नाही. बाकी बाग, आणि बागेत फळझाडं आधीच लावून दिलेली. घरं फक्त आपल्या कामगारांना नव्हती, कुणालाही होती.

इथे एक गंमत झाली. पहिली घरं त्याने जवळपास लागतील तेवढ्याच पैशांत ९९९ वर्षांच्या कराराने दिली. घेणाऱ्यांपैकी काहींनी ती लगेच नफा घेऊन पुढे विकली! हिंजवडीत बुकिंग करून ताबा मिळायच्या आत फ्लॅट फिरवणारे आमचे काही मित्र मला आठवले. जॉर्जने त्यावर उपदेश केला नाही. १९०० साली त्याने ३३० एकर जमीन आणि त्यावरची ३१३ घरं एका ट्रस्टला देऊन टाकली. ना त्याची, ना त्याच्या मुलांची. मुलं होती अकरा. पण मोठा वारसा मुलांच्या भल्याचा नसतो असं त्याचं ठाम मत होतं.

कारखान्यात मैदानं होती, पोहण्याचे तलाव होते, १९०६ साली पेन्शन आलं. त्याचबरोबर मुलगे आणि मुली यांची दारं वेगळी, आणि लग्न झालं की मुलीने नोकरी सोडायची. जाताना तिला बायबलची प्रत मिळे. आज हे वाचून माझी बायको भडकली, आणि तिचं बरोबर आहे. मालक बापासारखा वागला की घरी रात्री किती वाजता यायचं हेही तोच ठरवतो.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे हा लेख लिहायला घेतला.

१९०१ साली जॉर्जने ‘डेली न्यूज’ हे वर्तमानपत्र ताब्यात घेतलं. बोअर युद्धाला विरोध, म्हाताऱ्यांना पेन्शन, कमी पैशात राबणाऱ्या बायकांचे हाल, हे त्याचे विषय. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत चिनी मजुरांना गुलामासारखं वागवतात म्हणून या पत्राने रान उठवलं. आणि त्याच १९०१ साली पुतण्या विल्यमच्या कानावर आलं की आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या साओ टोमे या पोर्तुगीज बेटांवर मळ्यांत काम करणारे मजूर खरं तर गुलाम आहेत. कॅडबरींच्या कोकोचा मोठा हिस्सा तिथूनच येत होता. कागदोपत्री करार पाच वर्षांचा, पण अंगोलातून आणलेला माणूस परत जात नसे.

मग सुरू झाली चौकशी. १९०३ मध्ये विल्यम लिस्बनला गेला, १९०५ मध्ये एका क्वेकर माणसाला पाहणीला पाठवलं, त्याचा अहवाल यायला १९०७ उजाडलं. सरकारच्या परराष्ट्र खात्याने जरा थांबा म्हटलं. १९०८ मध्ये विल्यम स्वतः आफ्रिकेला गेला. खरेदी थांबली मार्च १९०९ मध्ये. आठ वर्षं! कंपनीचं म्हणणं होतं की खरेदी चालू ठेवली तरच पोर्तुगिजांवर दबाव आणता येईल. हे अगदीच खोटं नसावं. पण मी ज्या धंद्यात आहे तिथे अहवाल मागवणं म्हणजे निर्णय पुढे ढकलणं, हे मी अनेकदा पाहिलंय, एकदोनदा स्वतः केलंय. त्यामुळे इथे वाचताना जरा कानकोंडा झालो.

‘स्टँडर्ड’ या विरोधी पत्राने १९०८ साली नेमकं हेच टोचलं, की चिन्यांसाठी अश्रू ढाळणारे स्वतः गुलामांचा कोको खातात. कॅडबरींनी बदनामीचा दावा लावला. १९०९ च्या शेवटी बर्मिंगहॅमच्या कोर्टात तो चालला. स्टँडर्डचा वकील एडवर्ड कार्सन याने विल्यमला विचारलं, की या वर्षांत तुमच्या कोकोपायी किती माणसं मेली याचा काही अंदाज केलात का? विल्यमने नाही म्हटलं. ज्यूरीने निकाल कॅडबरींच्या बाजूने दिला आणि भरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. जिंकले, पण कसे, ते साऱ्या देशाने पाहिलं.

जॉर्ज तेव्हा सत्तरीत होता. पुढचा कोको गोल्ड कोस्टहून, म्हणजे आजच्या घानातून, येऊ लागला. तो दानधर्म करत राहिला. सेली ओक भागातलं आपलं वुडब्रुक हे पूर्वीचं राहतं घर त्याने १९०३ सालीच क्वेकरांच्या अभ्यासकेंद्राला दिलं होतं. गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी १९३१ साली तिथे मुक्कामाला होते. जॉर्जला ते पाहायला मिळालं नाही, तो १९२२ च्या ऑक्टोबरात गेला.

बॉर्नव्हिलच्या हिरवळीला लागून क्वेकरांचं साधं सभागृह आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीत जॉर्जचा अर्धपुतळा बसवलाय. मी तिथे उभा असताना मुलं हातात जांभळ्या कागदातली पाकिटं नाचवत आली. धाकटीने विचारलं, हे आजोबा कोण? मी सांगितलं, कॅडबरी. तिने आधी हातातल्या पाकिटाकडे पाहिलं, मग पुतळ्याकडे, आणि बाबा नेहमीसारखी चेष्टा करताहेत असं ठरवून पळून गेली.